एचआयव्हीसह वाढणारी मुले आणि त्यांचे मन

रोगावर औषध सापडले की त्या रोगाचा प्रश्न सुटला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. बहुतेक रोगांच्या बाबतीत ती फारशी चुकीचीही नाही. परंतु काही रोग असे आहेत की, औषध सापडल्यानंतरच त्यांचा दुसरा आणि अधिक गुंतागुंतीचा प्रश्न पुढे उभा राहतो. एचआयव्हीचा संसर्ग हा त्यांपैकी एक होय. आईकडून हा विषाणू घेऊन जन्मलेल्या मुलांना उपचार मिळाले नाहीत, तर त्यांपैकी सुमारे निम्मी मुले वयाची दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच दगावतात. औषधे नव्हती तेव्हा ह्या मुलांच्या कुमारवयाचा विचार करण्याची वेळच सहसा येत नसे. औषधे आली, मुले जगली, शाळेत जाऊ लागली, तेरा-चौदा वर्षांची झाली. आणि मग लक्षात आले की, रोज ठरल्या वेळी गोळी घेण्यासाठी जे मनोबल लागते ते कोणत्याही दवाखान्याच्या खिडकीवर मिळत नाही.

जगात आज दहा ते एकोणीस वर्षे वयाची सुमारे पंधरा लाख मुलेमुली एचआयव्हीसह जगत आहेत. त्यांतील दहापैकी आठांहून अधिक सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत राहतात. साहजिकच ह्या मुलांच्या मनाची काळजी कशी घ्यावी, ह्याविषयीचे सर्वांत मोलाचे प्रयोगही तेथेच झाले आहेत. ह्या प्रयोगांचे धागेदोरे भारताशी, विशेषतः चेन्नईशी आणि गोव्याशी, कसे जुळतात आणि त्यांपासून आपण काय घेण्यासारखे आहे, हे प्रस्तुत प्रकरणात पाहावयाचे आहे.

चेन्नईतील प्रारंभ

भारतात एचआयव्हीचे अस्तित्व प्रथम सिद्ध झाले ते १९८६ साली, तेव्हाच्या मद्रास शहरात. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक असलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन ह्यांनी आपल्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला ह्यांना हा विषय प्रबंधासाठी सुचविला. देहविक्रयाच्या आरोपावरून सुधारगृहात ठेवलेल्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने निर्मला ह्यांनी गोळा केले आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तपासले. त्यांतील सहा नमुन्यांत विषाणूची खूण आढळली. अमेरिकेतील फेरतपासणीनेही तोच निष्कर्ष दिला. हा आजार परदेशातला आहे, आपल्या समाजात त्याला थारा मिळणार नाही, असे मानणाऱ्यांना हा मोठाच धक्का होता.

सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत स्थायिक झालेल्या, चामड्याचा व्यापार करणाऱ्या एका महाराष्ट्रीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता. १९९३ साली त्यांनी सरकारी नोकरी सोडून चेन्नईतच एड्सविषयक संशोधन आणि शिक्षण ह्यांसाठी एक केंद्र स्थापन केले आणि त्याला वाय. आर. गायतोंडे हे नाव दिले. त्या काळी अनेक रुग्णालये ह्या रुग्णांना दाखल करून घेण्यासही तयार नसत. औषधेही दुर्मीळ आणि अत्यंत महाग होती. अशा वेळी वैद्याजवळ रुग्णाला देण्यासारखे मुख्यतः एकच साधन उरे, आणि ते म्हणजे संवाद. चाचणीपूर्वी बोलणे, चाचणीनंतर बोलणे, घरच्या माणसांना समजावणे ह्यांना त्या केंद्राच्या कामात आरंभापासूनच महत्त्वाचे स्थान होते.

सुनीतीबाईंच्या कार्याचा एक भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. आपल्याकडे उपचार घेणाऱ्या अविवाहित तरुण-तरुणींची त्या लग्नेही जुळवीत. दोघेही एचआयव्हीबाधित असलेल्या वधूवरांची माहिती ताडून पाहायची, शिक्षण, भाषा, धर्म ह्यांबरोबरच प्रकृतीचाही मेळ घालायचा, असा हा उद्योग होता. २०१७ साली प्रदर्शित झालेल्या 'लव्हसिक' ह्या माहितीपटात त्याचे चित्रण आढळते. वरवर पाहता हे वैद्यकाच्या कक्षेबाहेरचे काम वाटेल. परंतु आपल्यापुढे काही आयुष्य आहे, संसार आहे, असे ज्याला वाटत नाही, त्याने उद्याची गोळी तरी कशासाठी घ्यावी? हा प्रश्न त्यांनी ओळखला होता. २८ जुलै २०१५ रोजी त्यांचे निधन झाले.

औषधानंतरचा काळ

भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीवरील औषधे निवडक सरकारी रुग्णालयांतून मोफत देण्यास प्रारंभ केला. चेन्नईजवळील तांबरमचे छातीच्या रोगांचे सरकारी रुग्णालय आणि मुंबईचे जे. जे. रुग्णालय ही त्या पहिल्या केंद्रांपैकी होत. लहान मुलांसाठीचा स्वतंत्र औषधोपचार कार्यक्रम २००६ च्या अखेरीस सुरू झाला. म्हणजे त्या वेळी दोन-चार वर्षांचे असलेले मूल २०१६ च्या सुमारास कुमारवयात पोचले, आणि आज ते तरुण झाले आहे.

ह्या औषधांचे कार्य कसे चालते, ते थोडक्यात पाहिले पाहिजे. औषधे विषाणूचा समूळ नाश करीत नाहीत. ती त्याची वाढ रोखून धरतात. औषध नियमित घेतले तर रक्तातील विषाणूंचे प्रमाण, म्हणजेच विषाणुभार, इतका घटतो की नेहमीच्या तपासणीत तो आढळत नाही. अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून इतरांना संसर्ग होत नाही, हेही आता सिद्ध झाले आहे. उलट, वारंवार खंड पडला तर विषाणू पुन्हा वाढतो, औषधाला दाद न देणारी त्याची रूपे निर्माण होतात आणि दुसऱ्या, अधिक अवघड उपचारांकडे वळावे लागते. तात्पर्य, सगळे यश एका सवयीवर अवलंबून असते; आणि नेमकी हीच सवय कुमारवयात मोडते.

ती का मोडते, ह्याचे उत्तर निष्काळजीपणा ह्या एका शब्दात देणे सोपे आहे, पण ते खरे नाही.

कुमारवयाचे चौपदरी ओझे

पहिले ओझे गुपिताचे. अनेक घरांत मुलाला त्याच्या आजाराचे नाव सांगितलेले नसते. रक्त कमी आहे, छातीचा विकार आहे, ताकदीची गोळी आहे, असे काहीबाही सांगून वर्षे ढकलली जातात. ह्यात पालकांची माया असते तशी भीतीही असते. मूल बाहेर बोलून बसेल ही एक भीती. आणि 'हे मला कोणाकडून आले?' असे ते विचारील, ही दुसरी. परंतु मुले घरातील कुजबुज ऐकतात, औषधाच्या डब्यावरील नाव वाचतात, आरोग्याच्या धड्यात तेच नाव त्यांना भेटते. कोणी न सांगता कळलेले सत्य मुलाला एकट्यानेच पेलावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, सहा ते बारा वर्षांच्या दरम्यान, मुलाच्या समजुतीप्रमाणे टप्प्याटप्प्याने हे सांगितले जावे. प्रथम शरीरातील रक्षक पेशींची गोष्ट, मग त्यांना त्रास देणाऱ्या जंतूची, आणि शेवटी त्या जंतूचे नाव. इंग्रजीतील संज्ञेसाठी 'प्रकटीकरण' हा प्रतिशब्द मराठीत रूढ होऊ लागला आहे. परंतु प्रकटीकरण हा एका दिवसाचा समारंभ असतो. येथे अपेक्षित आहे ते वर्षानुवर्षे चालणारे सांगणे.

दुसरे ओझे वियोगाचे. ह्यांतील पुष्कळ मुलांनी आई किंवा वडील, आणि कित्येकदा दोघेही, त्याच आजाराने गमावलेले असतात. ती आजीकडे, मामाकडे किंवा संस्थेत वाढतात. मृत्यू कशाने झाला हे सांगता येत नसल्यामुळे त्या दुःखाला चारचौघांत वाटही मिळत नाही.

तिसरे ओझे वेगळेपणाचे. ह्या वयात सर्वांसारखे असणे ही मोठी गरज असते. सहलीला गेलेल्या मुलाला सोबत्यांच्या देखत गोळी काढता येत नाही. वसतिगृहात डबा लपवावा लागतो. दर महिन्याला शाळेत रजेचे नवे कारण सांगावे लागते. लहानपणी वारंवार आजारी पडल्यामुळे काही मुलांची उंची कमी राहते, वयात येण्याची लक्षणे उशिरा दिसतात, आणि वर्गात त्यावरून बोलले जाते.

चौथे ओझे भविष्याचे. लग्न होईल का, मुले होतील का, नोकरी मिळेल का, आवडलेल्या व्यक्तीला हे केव्हा आणि कसे सांगावयाचे? ह्या प्रश्नांना आज बरीच आशादायक उत्तरे आहेत. परंतु ती देणारे कोणी जवळ नसते.

ह्यात औषधांचाही काही वाटा असू शकतो, हे लक्षात ठेवले पाहिजे. मागील दशकात मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेलेल्या एफाविरेन्झ ह्या औषधाने काही रुग्णांना भयानक स्वप्ने पडत, चक्कर येई, मन खिन्न होई. डोल्युटेग्राव्हिर हे अधिक सुसह्य औषध आल्यापासून एफाविरेन्झ बव्हंशी मागे पडले आहे. तथापि डोल्युटेग्राव्हिरनेही काहींची झोप उडते. म्हणून मूल 'गोळी नको' म्हणते तेव्हा ते का म्हणते हे आधी विचारावे; उपदेश नंतर करता येतो.

हरारेतील शब्द, गोव्यातील कृती

मनाच्या दुखण्याविषयी विचारावयाचे ते कोणत्या शब्दांत? हा प्रश्न वरवर भाषेचा दिसतो, पण तो उपचाराचाच भाग आहे. १९९० नंतरच्या दशकात मुंबईत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल हे झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे संशोधन करीत होते. तेथील शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ, अति विचार करणे. पाश्चात्त्य वैद्यकात ज्याला नैराश्य वा चिंताविकार म्हटले जाते, त्याचे वर्णन तेथील लोक ह्या शब्दाने करीत. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या अशा बोलींतूनच चौदा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. आजही झिंबाब्वेत तिचा उपयोग होतो.

मराठीतही ह्या अर्थाची संपत्ती कमी नाही. 'जिवाला घोर लागणे', 'मनात काहूर उठणे', 'कशात मन न लागणे', 'अन्न गोड न लागणे' हे आपले रोजचे शब्द आहेत. 'तुला नैराश्य आहे का?' असे विचारल्यावर चौदा वर्षांची मुलगी गप्प बसेल. 'अलीकडे कसला घोर लागलाय का? झोप लागते का? जेवण गोड लागतं का?' असे विचारले तर ती बोलेल. चेन्नईत हेच तमिळमधून विचारावे लागेल, आणि तेथील मराठी घरातल्या मुलाला कदाचित दोन्ही भाषांतून.

भारतात परतल्यावर पटेल ह्यांनी १९९६ साली सहकाऱ्यांसह गोव्यात 'संगत' ही संस्था स्थापन केली. तज्ज्ञ थोडे आणि रुग्ण फार, ही परिस्थिती गोव्यातही होती. म्हणून मनोविकारशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन समुपदेशक नेमावे आणि त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रातच रुग्णांशी बोलावे, असा प्रयोग तेथे करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत अशा समुपदेशकाची मदत मिळालेल्या रुग्णांपैकी शंभरातील सुमारे ६६ जण सहा महिन्यांत बरे झाले. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ४२ होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक आढळला नाही. पद्धत चांगली असली तरी ती कोठे आणि कशी राबविली जाते ह्यावर फळ अवलंबून असते, हा त्यातील बोध.

इकडे हरारेमध्ये डॉ. डिक्सन चिबांडा ह्यांनी २००६ साली असाच एक उपक्रम सुरू केला. उपचारांना येण्यासाठी बसभाड्याचे पैसे नव्हते म्हणून त्यांची एक तरुण रुग्ण येऊ शकली नाही आणि तिने आयुष्य संपविले. रुग्ण रुग्णालयापर्यंत येऊ शकत नसेल, तर उपचारच त्याच्या वस्तीत गेले पाहिजेत, हा धडा त्यांनी त्यातून घेतला. म्बारे ह्या गरीब वस्तीत त्यांना ना खोली मिळाली ना परिचारिका; मिळाल्या त्या चौदा वयस्क आरोग्यसेविका, वस्तीच्या आज्या. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक लाकडी बाक ठेवण्यात आले. आजी बाकावर बसते, येणारा शेजारी बसतो. आधी मन उघडणे, मग उभारी देणे, मग बळकटी आणणे, अशा तीन पायऱ्यांनी त्याच्या अनेक अडचणींतील एक निवडून ती सोडविण्याचा मार्ग दोघे मिळून शोधतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, २४ दवाखान्यांतील ५७३ जणांच्या चाचणीत सहा महिन्यांनंतर ह्या बाकावर बसलेल्यांपैकी शंभरात सुमारे १४ जणांत नैराश्याची लक्षणे उरली होती. इतरांत हे प्रमाण ५० होते. ह्या चाचणीतील दहापैकी सुमारे चार जण एचआयव्हीबाधित होते, हे येथे विशेष नमूद केले पाहिजे.

समवयस्कांचा हात

आज्यांचा बाक प्रौढांना उपयोगी पडला. परंतु पंधरा वर्षांचा मुलगा आजीपाशी सगळेच बोलेल असे नाही. झिंबाब्वेतच २००४ साली निकोला विलिस ह्यांच्या पुढाकाराने 'झ्वान्दिरी' हा उपक्रम सुरू झाला. शोना भाषेत ह्या शब्दाचा अर्थ 'मी जसा आहे तसा'. ह्यात एचआयव्हीसह वाढलेले अठरा ते चोवीस वर्षांचे तरुण प्रशिक्षण घेऊन आपल्यापेक्षा लहान मुलांचे साथीदार बनतात. ते घरी भेट देतात, निरोप पाठवून औषधाची आठवण करून देतात, महिन्याला मुलांचा मेळावा घेतात आणि धोक्याची चिन्हे दिसली तर दवाखान्याला कळवितात. पालकांसाठीही वर्ग घेतले जातात.

बिंडुरा आणि शामवा ह्या दोन ग्रामीण जिल्ह्यांतील सोळा दवाखान्यांत, तेरा ते एकोणीस वर्षांच्या ५०० मुलांमध्ये ह्या पद्धतीची चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. ९६ आठवड्यांनंतर, ज्यांचा विषाणुभार आटोक्यात नव्हता किंवा जी मुले दगावली होती, अशांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या गटात शंभरात ३६ होते, तर साथीदार लाभलेल्या गटात २५. म्हणजे औषध बदलले नाही. ते औषध घेणाऱ्याला फक्त सोबत मिळाली.

त्यानंतर, मनाचा त्रास आधीच जाणवत असलेल्या ८४२ मुलांमध्ये ६० दवाखान्यांत आणखी एक चाचणी झाली. एका गटातील साथीदारांना अडचणींची चर्चा करून मार्ग काढण्याच्या उपचारपद्धतीचे जादा प्रशिक्षण देण्यात आले. दोन्ही गटांतील मुलांची मनःस्थिती सुधारली आणि विषाणुभारही घटला. जादा प्रशिक्षणामुळे मानसिक लक्षणे अधिक उतरली. विषाणुभारात मात्र त्यामुळे वेगळा फरक पडला नाही. ह्यावरून असे दिसते की, साथीची मूळ रचनाच पुष्कळ काम करते, आणि मनाचे बरे वाटणे हे आपल्या जागी एक स्वतंत्र उद्दिष्ट आहे. केवळ गोळ्या वेळेवर घेतल्या जाव्यात म्हणून मुलांच्या मनाची काळजी घ्यावी, ही दृष्टी अपुरी होय.

आफ्रिकेतील इतर प्रयोगही ह्याच दिशेचे आहेत. टांझानियातील मोशी येथे 'साउटी या विजाना', म्हणजे 'तरुणांचा आवाज', ह्या नावाने प्रशिक्षित तरुण नेते गटसभा चालवितात. युगांडात 'सूबी', म्हणजे 'आशा', ह्या कार्यक्रमात बाधित मुलांच्या नावे बचत खाती उघडण्यात आली. मुलाने वा त्याच्या घरच्यांनी शिल्लक टाकली की कार्यक्रमाकडूनही तीत भर पडे. ही रक्कम शिक्षणासाठी किंवा लहानशा व्यवसायासाठी असे. ह्या मुलांमध्ये विषाणुभार आटोक्यात येण्याचे प्रमाण वाढले. मनाच्या आरोग्याची चर्चा करताना खिशाचा आणि शाळेच्या फीचा विचार वगळता येत नाही, हे ह्यावरून ध्यानात येते.

तथापि ह्या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. साथीदार स्वतःही त्याच आजाराचे ओझे वाहणारा तरुण असतो. दुसऱ्याचे दुःख रोज ऐकून त्याचीच जखम उघडी पडू शकते. म्हणून त्याला मानधन हवे, आठवड्याला सल्ला देणारा अनुभवी माणूस हवा, आणि विश्रांतीही हवी. जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलून दाखविणाऱ्या किंवा स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलाला तत्काळ तज्ज्ञाकडे पोचविण्याची वाट आधीपासून आखलेली हवी. तज्ज्ञ परवडत नाहीत म्हणून केलेली स्वस्त सोय, असे ह्या कामाचे रूप झाले, तर त्यातून ना मुलाचे भले होईल ना साथीदाराचे.

आपल्याकडील वाट

भारतात ह्या कामासाठी लागणारी बरीचशी सामग्री तयार आहे. तमिळनाडूने १९९४ साली देशातील पहिली राज्य एड्स नियंत्रण संस्था स्थापन केली. बाधित व्यक्तींच्या संघटनांची पायाभरणीही चेन्नईतच झाली, पी. कौसल्या ह्यांच्या पुढाकाराने १९९८ साली तेथे बाधित स्त्रियांची संघटना उभी राहिली. मोफत औषधे देणाऱ्या केंद्रांत समुपदेशक असतात. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातून कुमारवयीनांसाठी वेगळे दवाखाने निघाले. महाराष्ट्रात त्यांना 'मैत्री' हे सुंदर नाव मिळाले आहे. २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर दूरध्वनीने मानसिक आरोग्यविषयक साहाय्य मिळते.

कायदाही मुलांच्या बाजूने आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने शाळाप्रवेशात भेदभाव करण्यास मनाई केली आहे आणि आजाराची माहिती गुप्त राखण्याचे बंधन घातले आहे. त्याच कायद्यातील एक तरतूद विचार करावयास लावणारी आहे. बाधित कुटुंबातील बारा ते अठरा वर्षांचे मूल पुरेसे समंजस असेल, तर शाळाप्रवेश, औषधोपचार, बँकेचे व्यवहार अशा कामांपुरते ते आपल्या धाकट्या भावंडांचे पालक म्हणून काम पाहू शकते. आईबापांविना चालणाऱ्या घरांचे वास्तव कायद्याने येथे मान्य केले आहे. परंतु ज्या बारा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर कायदा घर देऊ शकतो, तिच्या मनाला आधार कोणी द्यावयाचा, हे कलमात लिहिता येत नाही.

उणीव आहे ती ह्या सुट्या धाग्यांना एकत्र विणण्याची. चेन्नईचेच उदाहरण घेऊ. नुंगंबाक्कम ही ह्या शहराची विद्येची पेठ. तेथील कॉलेज रोडवर राज्याच्या शालेय शिक्षण खात्याची कार्यालये एका विस्तीर्ण आवारात आहेत; त्याच रस्त्यावर १९१५ साली स्थापन झालेले विमेन्स ख्रिश्चन कॉलेज आहे, आणि त्याच परिसरात लोयोला कॉलेजही आहे. राज्य एड्स नियंत्रण संस्थेचे कार्यालय शेजारच्या एग्मोर भागात आहे. दोहोंमधील अंतर फार नाही. तरी शाळेतील मुलगी आणि औषधकेंद्रातील मुलगी ही दोन खात्यांच्या दोन नोंदवह्यांतील दोन व्यक्ती ठरतात. गुप्ततेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. औषधकेंद्राची वही शाळेने पाहता कामा नये. पण म्हणूनच शाळेत सर्वच मुलांसाठी बोलण्याची जागा असली पाहिजे, म्हणजे ह्या मुलीला आपले कारण न सांगताही तेथे जाता येईल.

अशी जागा कोणी चालवावी, ह्याचे उत्तरही भारतातील एका प्रयोगाने दिले आहे. बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी शाळांत 'संगत'च्या सहभागाने झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, खास नेमलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांमुळे शाळेचे वातावरण सुधारले, मुलांमधील नैराश्य व दांडगाई कमी झाली. तेच काम शिक्षकांवर सोपविले तेथे काहीच परिणाम दिसला नाही. शिक्षक कमी पडले असे ह्याचा अर्थ लावणे अन्यायाचे होईल. गुण देणारा, शिक्षा करणारा आणि मन ऐकून घेणारा एकच असेल, तर मूल त्याच्यापाशी मोकळे होत नाही, एवढेच त्यातून दिसते.

महाराष्ट्रात ह्या प्रश्नाला संस्थांनी आधी हात घातला. पुण्याजवळ भूगाव येथे विजयाताई लवाटे ह्यांच्या 'मानव्य' संस्थेने आणि लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे रवी बापटले ह्यांच्या 'सेवालय' संस्थेने बाधित मुलांना घर दिले. ह्या घरांत मुलांना एक गोष्ट आपोआप लाभते, ती म्हणजे गुपित नसलेले जग. तेथे गोळीची वेळ ही सर्वांचीच वेळ असते. परंतु अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृह सोडावे लागते, आणि आजवर न भेटलेले बाहेरचे जग एकदम समोर येते. ह्या वळणावर औषधोपचार सुटण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. बालकांच्या केंद्रातून मोठ्यांच्या केंद्रात जाणे हा केवळ कागदोपत्री बदल न राहता, दोन वर्षे आधीपासून तयारी करून, ओळखीच्या साथीदाराच्या सोबतीने झाला पाहिजे. झ्वान्दिरीचा धडा आपल्याकडे सर्वांत आधी लागू पडतो तो येथे. बालगृहात वाढलेले आणि आज पंचविशीत पोचलेले तरुण-तरुणी हेच उद्याचे साथीदार होत. त्यांना शोधावयास दूर जाण्याची गरज नाही. त्यांची नावे औषधकेंद्रांना ठाऊक आहेत. त्यांची संमती, त्यांचे प्रशिक्षण आणि त्यांचे मानधन ह्यांची व्यवस्था तेवढी करावयाची आहे.

उपसंहार

ह्या सर्व विवेचनाचे सार थोडक्यात असे सांगता येईल. मुलाला त्याचा आजार वेळीच, त्याच्या भाषेत आणि त्याच्या माणसांकडून कळावा. औषधकेंद्रात प्रत्येक भेटीला विषाणुभाराबरोबर झोप, भूक आणि घोर ह्यांचीही विचारपूस व्हावी. त्याच वाटेने चालून गेलेला एखादा तरुण त्याच्या सोबतीला असावा, आणि त्या तरुणाच्या पाठीशी अनुभवी माणूस असावे. तज्ज्ञाची गरज भासेल तेव्हा त्याच्याकडे नेणारी वाट मोकळी असावी. ह्यांतील एकाही गोष्टीसाठी नवे औषध शोधून काढावयाचे नाही. म्बारेतील चौदा आज्यांजवळ एक बाक होता आणि ऐकून घेण्याची शिस्तबद्ध तयारी होती. आपल्या आरोग्य केंद्रांत बाकांना तोटा नाही. त्यांवर शेजारी बसणारी माणसे नेमावयाची राहिली आहेत.